नकाशातून सुटलेली होड्यांची वाट

मोजणीदार दारात उभा राहिला की घरातली माणसं दोन गोष्टी करतात. आधी चहा टाकतात, आणि मग शेजाऱ्यानं काय काय बळकावलंय ते सांगायला बसतात. सरकारी मोजणी खात्यात मी छत्तीस वर्षं काढली. चहा कधी नाकारला नाही आणि शेजाऱ्याबद्दलचं बोलणं कधी लिहून घेतलं नाही.

कराव्याला एकदा दोघा भावांची वाटणी मोजायला गेलो होतो. दोघं सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. टेपचं एक टोक थोरल्याच्या हातात, दुसरं धाकट्याच्या, आणि मी मध्ये. थोरला म्हणायचा, "साहेब, त्याला सांगा, टेप ढिली सोरू नको." मी वळून सांगायचो, "टेप ढिली सोडू नका." धाकटा म्हणायचा, "त्याला सांगा, मी लहानपनापासून त्याच्याहून घट्ट धरतो." दिवसभर हेच. दुपारी थोरल्याची बायको डबा घेऊन आली. सहा भाकऱ्या होत्या. तिनं तिघांना दोन-दोन वाढल्या. संध्याकाळी हद्दीचा दगड रोवायचा होता, तेव्हा खड्डा दोघांनी मिळून खणला. बोलले तरीही नाहीत.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण यंदाच्या दिवाळीला जे सांगायचंय त्यात माझी कर्तबगारी थोडी आणि चूक मोठी आहे. ती निस्तरली, म्हणून सांगायचा धीर होतोय.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. खांदेश्वरला आमचं दोन खोल्यांचं घर आहे; मी आणि माझी बायको सुनंदा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बेल वाजली. दारात साठीची एक बाई, आणि तिच्या मागे जिन्याचा कठडा धरून दम खात उभा असलेला तिचा नवरा. बाईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद होता. आत येऊन ती बसली, पाणी प्यायली, कागद टीपॉयवर पसरला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही सई तुमची ना?"

गावाच्या नकाशाची झेरॉक्स होती. कोपऱ्यात 'नक्कल करणार' आणि त्यापुढे माझी सही. चाळीस वर्षांपूर्वीची, तेव्हा मी सहीखाली दोन टिंबं द्यायचो.

"माझीच," मी म्हणालो.

"मग आमची वाट कुटं गेली?"

"कुठली वाट?"

"होऱ्या वढायची."

होरी म्हणजे होडी. खाडीकाठच्या गावांत ड चा र होतो. ती बाई सुभद्राबाई, आणि नवऱ्याचं नाव काशिनाथ. उलव्याच्या पलीकडे खाडीत घुसलेलं त्यांचं गाव आहे. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण माझ्या चुकीपायी त्यांना पुष्कळ फेऱ्या माराव्या लागल्यात, आता चौकशीला माणसं नकोत. सुभद्राबाई मूळच्या कराव्याच्या. चिंबोऱ्या, कोलंबी, निवट्या हेच त्यांचं आयुष्य. काशिनाथ कमी बोलायचा. बायको बोलत असताना तो मान हलवायचा आणि ती चुकली तर हलवायची थांबायचा.

प्रकरण असं होतं. गावाच्या मागे एक अरुंद खाडी आहे, होड्या तिथं बांधतात. मासळी मिळते ती पुढच्या मोठ्या खाडीत. दोन्हींच्या मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी. वळसा घालून जायचं तर टोकापर्यंत जावं लागतं, आणि टोकाला दोन बाजूंचं पाणी एकमेकांवर आपटतं. वारा असला की तिथं छोटी होडी उलटते. म्हणून जुने लोक पट्टीवरून होड्या सरळ ओढून नेत. चार माणसं, दोन दोर, पंधरा मिनिटं. पुढे मिठागराच्या मालकानं पट्टी फोडून पाण्याचा चर काढला, होड्या त्यातून जायला लागल्या आणि ओढायची वाट लोक विसरले. मग मिठागर बंद पडलं, जमीन विकली गेली, चर भरला गेला आणि होड्यांना टोकाचा वळसा पडला. आणि आता पट्टीवरून एक नवा जोडरस्ता निघत होता, दोन्ही बाजूंना दगडी भिंत घालून.

"चौदा होऱ्या हायेत गावात," सुभद्राबाई म्हणाल्या. "भित झाली का सगल्यांना कायमचा टोकावरून जावा लागंल. टोकाला भराव टाकल्यापासून पानी लय खवललंय. गेल्या पावसात हे दोन डाव पालथे झाले."

काशिनाथनं मान हलवली.

रस्त्याच्या कामावर इनामदार नावाच्या इंजिनिअर मॅडम होत्या. गावकरी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी हाकलून दिलं नाही. साधं सांगितलं: वहिवाटीची वाट असेल तर रस्त्याखालून मोकळी जागा ठेवता येईल, पण कागदावर दाखवा आणि त्याच जागी जमिनीवरही दाखवा. कुठेही मनाला येईल तिथे भिंत सोडता येणार नाही, शिवाय तिथं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, जंगल आहे, त्याला हात लावायची परवानगी नाही. दीड महिन्यानं भिंतीचं काम त्या पट्टीपर्यंत पोचणार होतं. गावकऱ्यांनी नकाशा काढला. त्यात वाट नव्हती. खाली माझी सही होती.

ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात ना? मग घाम का फुटलाय?"

नक्कल म्हणजे काय ते सांगायला हवं. गावाचे मूळ नकाशे फार जुने, कापडावर चिकटवलेले. घड्यांवर फाटतात, कसर लागते. मग त्यांच्यावर पारदर्शक कापड अंथरून बारीक टोकाच्या टाकानं रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. नवीन भरती झालेल्यांना हेच काम देत, कारण डोळे चांगले असत आणि तक्रार करायची हिंमत नसे. मी तशा साठ-सत्तर गावांच्या नकला केल्या. एकदा नक्कल झाली की लोकांना तीच मिळते. मूळ नकाशा कपाटात मरायला मोकळा. म्हणजे नक्कल करणाऱ्यानं एखादी रेघ गाळली, तर ती पुढच्या सगळ्यांसाठी गेली.

ती रेघ मी गाळली होती का? मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. हे सगळ्यात वाईट होतं. आठवलं असतं तर निदान स्वतःला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मी जुन्या ऑफिसात गेलो. रेकॉर्ड रूमचा कारकून ओळखीचा होता. मूळ नकाशा काढला. उलगडला तसा त्याचा भुगा मांडीवर पडला. गाव होतं, देऊळ होतं, मिठागराचे चौकोन होते. आणि जिथं ती पट्टी हवी, तिथं तळहाताएवढं भोक. कसरीनं नेमकं तेच खाल्लं होतं.

"संपलं मग, तांबेसाहेब," कारकून म्हणाला.

माझं अर्धं मन त्याला हो म्हणालं. भोक पडलंय म्हटल्यावर माझ्यावर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं. घरी जाऊन झोपता आलं असतं. पण एक गोष्ट या धंद्यातला माणूस विसरू शकत नाही. वाट गावाच्या हद्दीवर संपत नाही. पट्टीचा पलीकडचा काठ शेजारच्या गावात मोडत होता. वाट असलीच तर तिचं शेपूट त्या गावाच्या नकाशात असायला हवं.

"शेजारचं गाव काढ," मी म्हणालो.

तो नकाशा शाबूत होता, आणि त्याची नक्कल दुसऱ्याच कुणाच्या हातची. भिंग घेऊन काठाकाठानं गेलो. मोठ्या खाडीच्या किनाऱ्यापासून टिंबाटिंबांची एक छोटी रेघ निघाली होती, हद्दीपर्यंत आली होती आणि तिथं थांबली होती. तिच्या शेजारी होडीची नखाएवढी खूण.

ती खूण पाहिली आणि मला सगळं आठवलं. शनिवार होता. दुपारनंतर माझ्या भावाची हळद, महाडच्या बाजूला आमच्या गावी, एस.टी. पकडायची होती. नक्कल जवळजवळ झाली होती. मूळ नकाशात अशीच होडीची खूण पाहून मी मोठ्या साहेबांना विचारलं होतं, "हे काय आहे?" ते चष्मा पुसत म्हणाले होते, "होड्या ओढायची वाट. आता चर काढलाय, कोण ओढतंय? राहू दे." त्यांनी 'राहू दे' म्हटलं त्याचा अर्थ काढून टाक की ठेव, हे मी विचारलं नाही. मला सोयीचा अर्थ मी घेतला. टिंबं टाकायला पाच मिनिटं लागली असती. मी टाक धुतला, सही केली, खाली दोन टिंबं दिली आणि हळदीला गेलो.

कारकुनानं विचारलं, "काय झालं? चक्कर येतेय का?"

"नाही. वाट सापडली."

दुसऱ्या दिवशी गावात जाऊन मी सुभद्राबाईंना खरं ते सांगितलं. त्या ओट्यावर सुकट निवडत होत्या. काशिनाथ जाळं शिवत होता. मी उभ्यानंच सांगून टाकलं, बसलो असतो तर शब्द फिरवले असते.

त्यांनी सुपावरचा हात थांबवला. "म्हंजे तुमाला दिसली व्हती."

"दिसली होती."

"आनि टाकली नाय."

"नाही टाकली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान हलत नव्हती. मग म्हणाल्या, "बसा. चा घ्या. चूक केलीत ती केलीत, आता ती वाट कुटं हाय ते बगा. भिताड काय तुमच्या रडन्याला थांबनार नाय."

कागदाचा निम्मा पुरावा हातात आला होता. नेमकी जागा सांगायला एवढंसं शेपूट पुरत नव्हतं. त्यासाठी टिपण हवं होतं. पहिल्यांदा जमीन मोजली तेव्हा मोजणाऱ्यानं जागेवर बसून काढलेलं कच्चं चित्र म्हणजे टिपण. कुठल्या दगडापासून किती अंतरावर काय आहे ते त्यात असतं. जुनी टिपणं मोडी लिपीत आहेत. मोडी मला येते, कारण नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं हट्टानं शिकवली होती. आज ती वाचणारी माणसं तालुक्यात शोधावी लागतात. तीन दिवस गठ्ठे चाळले. चौथ्या दिवशी मिठागराच्या बांधालगतच्या एका सर्व्हे नंबरचं टिपण मिळालं. काळी शाई तांबूस झाली होती. बांधाच्या दगडापासून पूर्वेस सात साखळ्या चार आणे, होडी ओढावयाची वाट, रुंदी सहा आणे.

आणे म्हणजे पैशातले नव्हेत. जुनी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, आणि तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. सात साखळ्या चार आणे म्हणजे दोनशे एकोणचाळीस फूट तीन इंच. तो हिशेब मी टेबलावर तीनदा केला. कुणा अनोळखी माणसानं चिखलात उभं राहून नीट लिहून ठेवलं होतं, आणि मी पंख्याखाली बसून गाळलं होतं.

आता जमीन. ओहोटीची वेळ पाहून आम्ही तिघं पट्टीवर गेलो. काशिनाथच्या खांद्यावर लोखंडी सळई, सुभद्राबाईंकडे कोयता नव्हे, साधी काठी, कारण तिवराची फांदीही तोडायची नव्हती. बांधाचा दगड शोधायलाच दुपार झाली. तो कमरेएवढ्या चिखलात होता. काशिनाथनं सळईनं टोचत टोचत काढला. वरची खूण मी बोटांनी चाचपली आणि ओळखली. मग टेप लावली. बांधावरून पूर्वेकडे दोनशे एकोणचाळीस फूट तीन इंच. तिथं सळई घातली. चिखल. पुन्हा चिखल. दहा जागी टोचलं. सळई लोण्यात जावी तशी आत जात होती.

भरतीचं पाणी मुळांमधून आत यायला लागलं. मी टिपणाची प्रत पुन्हा पाहिली. आकडा बरोबर होता. माझे कान तापले. मोडीतला सात मी चुकीचा वाचला असेन का? की त्या मोजणाऱ्यानंच चुकीचा लिहिला?

"साहेब," काशिनाथ म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य. "तुमी बांदावरून मोजलात."

"हो. टिपणात बांधच लिहिलाय."

"यो बांद नवा हाय. मिठागरवाल्यानं घातलेला. जुना बांद तिकरं." त्यानं तिवरांच्या आत हात दाखवला. "माजा बाप जुन्या बांदावरून जायाचा."

छत्तीस वर्षं मोजणी केलेला मी आणि बांध कुठला ते विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी पाणी चढलं, परत यावं लागलं. पुढची चांगली ओहोटी दोन दिवसांनी होती. त्या दोन दिवसांत मी घरात इतक्या येरझाऱ्या घालत होतो, की सुनंदानं माझ्या हातात निवडायला भाजी दिली.

"आणि नाही सापडली तर?" मी तिला विचारलं.

"तर नाही सापडली असं त्यांना तोंडावर सांगा. पण चार पावलं आधी थांबू नका."

तिसऱ्या दिवशी आम्ही जुना बांध धरून गेलो. बांध म्हणजे आता वीतभर उंचवटा, पायालाच कळणारा. दगडापासून तो थोडा तिरका जात होता. टेप झाडांच्या मुळांतून ओवत न्यावी लागली. एक टोक सुभद्राबाईंनी दगडावर दाबून धरलं होतं. दोनशे एकोणचाळीस फुटांवर मी थांबलो आणि आधी डोळ्यांना दिसलं. समोर तिवरांच्या दाटीत एक पट्टा विरळ होता. झाडं होती, पण खुरटी, गुडघ्याएवढी. इतकं सरळ आपोआप काही उगवत नाही.

काशिनाथनं सळई घातली. हातभर खाली ठक्क आवाज झाला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे जाऊन पुन्हा घातली. ठक्क. आणखी एक पाऊल. ठक्क. मग तो भरभर चालत सुटला, प्रत्येक पावलाला सळई, प्रत्येक सळईला आवाज. साठी उलटलेला, जिन्यात दम लागणारा माणूस.

"सुबे!" तो ओरडला. "सुबे, हाय गो! लाकरा हायेत खाली!"

हातांनी चिखल बाजूला केला. ताडाचे ओंडके होते, आडवे, एकापुढे एक रोवलेले. वर्षानुवर्षं चिखलात राहून काळे, पण दगडासारखे टणक. प्रत्येकाच्या मधोमध एक गुळगुळीत खोबण पडली होती, होड्यांच्या तळांनी घासून घासून. सुभद्राबाईंनी त्या खोबणीतून बोट फिरवलं. मग पदरानं डोळे पुसले आणि चिखल गालाला लागला. मी टेपनं रुंदी मोजली. बारा फूट चार इंच. सहा आण्यांना बारा फूट साडेचार इंच होतात. अर्धा इंच मी त्या जुन्या मोजणाऱ्याला माफ केला. त्यानं मला बरंच काही माफ करायचं होतं.

इनामदार मॅडम चिखलाचे बूट घालून स्वतः आल्या. ओंडके पाहिले, शेजारच्या गावाचा नकाशा पाहिला, टिपण पाहिलं; मोडी मी वाचून दाखवली. मग त्यांनी या गावाची नक्कल हातात घेतली.

"सर, बाकी सगळं जुळतंय. पण या नकाशात वाट नाही, आणि ऑफिशियल हाच आहे. उद्या कुणी विचारलं की यात का नाही, तर मी काय सांगू?"

"मी लेखी देतो," मी म्हणालो. "नक्कल मी केली. मूळ नकाशात वाट होती, ती मी उतरवली नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कळतंय ना, काय लिहून देताय ते?"

कळत होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सरकारी कागदातली चूक होती, आणि मी ती स्वतःच्या हातानं कबूल करणार होतो. घरी सुनंदानंही तेच विचारलं, "त्रास होईल का तुम्हाला?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग अक्षर चांगलं काढा."

एक पान झालं. मोठ्या साहेबांचं नाव मी त्यात घातलं नाही. ते आता नाहीत, आणि टाक माझ्या हातात होता. ते पान दिल्यावर पंधरा दिवस फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो. मग जुन्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली, माझं पान फाइलमध्ये लावलेलं दाखवलं आणि म्हणाले, "दुरुस्ती करतोय. तुमच्या आणखी किती नकला आहेत हो?"

"साठ-सत्तर."

"त्यात काही?"

"आठवत नाही," मी म्हणालो. "पण वेळ आहे. बसून तपासतो."

ते हसले. मी हसलो नाही. अजूनही आठवड्यातले दोन दिवस मी तिथं जाऊन बसतो आणि माझ्याच रेघा मूळ नकाशांवर ठेवून पाहतो. आत्तापर्यंत एक विहीर सापडली आहे, तीही आता बुजलेली.

पट्टीवर भिंतीचं काम थांबलं. रस्त्याखालून मोकळी जागा ठेवायचं कागदोपत्री ठरलं, आणि तोवर तेवढी खुरटी तिवरं आणि ओंडक्यांवरचा चिखल काढून वाट वापरायला रीतसर मुभा मिळाली. गावानं ती चार दिवसांत साफ केली. पण खरं सांगतो, कुणी वापरेना. रिकाम्या होड्या गंमत म्हणून दोनदा ओढल्या, बस. जाळी, बर्फाचा डबा, मासळी अशी भरलेली होडी त्या जुन्या लाकडांवरून जाईल का, याची कुणालाच खात्री नव्हती. चर होता तेव्हाच्या पिढीला ओढायची सवयच नव्हती.

मे महिना संपत आला होता. दुपारी रस्त्याखालच्या मोकळ्या जागेचं माप बघायला म्हणून मी पट्टीवर गेलो होतो. तीनच्या सुमारास दक्षिणेकडून वारा सुटला. अंदाजात उद्याचा होता, तो आजच आला. मोठ्या खाडीचं पाणी बघता बघता पांढरं झालं. सुभद्राबाई गावातून धावत आल्या.

"पाच होऱ्या भायेर हायेत," त्या म्हणाल्या. "हे पन."

आम्ही काठावर उभे राहिलो. टोकाकडे पाणी उसळताना इथून दिसत होतं. सुभद्राबाईंनी मोबाईल लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. मग दूरवर ठिपके दिसले. चार. ते टोकाच्या दिशेनं चालले होते, रोजच्या सवयीनं.

"नको रं," सुभद्राबाई पुटपुटल्या. "तिकरं नको."

पाचवी होडी त्यांच्या मागून आली आणि एकदम वळली. थेट आमच्याकडे. तिच्यात उभा राहून कुणीतरी हात फिरवत होता, मागच्यांना बोलवत होता. न बोलणारा माणूस एवढा ओरडतोय हे वाऱ्यातूनही ऐकू येत होतं. चार ठिपके थांबल्यासारखे झाले. मग एकेक करून वळले.

भरती चढत होती, त्यामुळे होड्या ओंडक्यांपर्यंत आल्या. पहिली काशिनाथची. दोर फेकला. सुभद्राबाई, मी, रस्त्याच्या कामावरचे सहा मजूर आणि पोकलेनचा ड्रायव्हर. तो बिहारचा होता, त्याला हे काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. "जोर लगाके" म्हणाला आणि दोराला लोंबकळला. होडी ओंडक्यावर चढली, करकरली, खोबणीत बसली. आणि मग, कसं सांगू, घसरली. आपोआप. दुसऱ्या ओंडक्यावर, तिसऱ्यावर. भरलेली होडी. आम्ही ओढत कमी आणि तिच्याबरोबर धावत जास्त होतो. मधल्या एका ओंडक्यावर माझी चप्पल गेली, ती अजून तिथंच आहे.

पलीकडच्या शांत पाण्यात होडी उतरली तेव्हा काशिनाथ तिच्यातच बसून राहिला. बाकीच्या चार यायला अर्धा तास लागला. शेवटच्या होडीचा तळ मधे अडकला, सगळ्यांनी खांदे लावले, आणि तीही गेली.

सुभद्राबाईंनी बोटावर मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाच. मग त्या नवऱ्याकडे गेल्या आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली.

"फोन का उचलत नाय?"

"दोन्ही हात वल्ल्यावर व्हते," तो म्हणाला आणि दोर गुंडाळायला लागला.

मी बांधावर बसलो. खिशातून फोन काढून घरी लावला.

"आले सगळे," मी सुनंदाला म्हणालो. "पाचही होड्या. वाटेवरून आले."

तिनं विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी पण येतो," म्हटलं. "पाय धुतो आणि येतो."